मदत हवी आहे: मोकळ्या मैदानात कोरसचे शब्द पोचवायचे कसे?

अंबाजोगाईकडच्या एका कॉलेजात नाटक शिकवतो. ग्रीक नाटकं बसवायचं वेड जुनंच. यंदा सोफोक्लीसचं 'अँटिगनी' मराठीत घेतलंय, आणि गाडी कोरसवर, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहावर, अडली आहे.

त्याच्या नाटकांत कोरसला 15 जण असत. माझ्याकडेही तेवढी पोरं आहेत. या नाटकात कोरस म्हणजे थीब्ज नगरातले म्हातारे; त्यांची गाणी गोंधळाच्या अंगानं बसवली: एक नायक, बाकी मागून ओळ धरणारे झीलकरी, साथीला संबळ. रंगत भारी येते, पण शब्द संबळाखाली गाडले जातात. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं की शाळेतली प्रार्थना वाटते! ओळी वाटून दिल्या तर समूहच उरत नाही. नुसतं तुणतुणं ठेवलं. शब्द कळले, जोर गेला.

प्रयोग संध्याकाळी, उघड्यावर, तीन बाजूंनी प्रेक्षक. कॉलर माइकचं बजेट नाही, उभे माइक लावले की नाच अडतो. मुखवटे अर्धेच आहेत, तोंड मोकळं आहे. गाणी कापा असं कृपया सुचवू नका. माणसाच्या कर्तबगारीवरचं गाणं मला पूर्ण हवंय.

गोंधळ किंवा भारूड उघड्यावर केलेल्यांना विचारतो: संबळ नेमका कुठे थांबवता, आणि झीलकऱ्यांनी नायकाची अख्खी ओळ उचलायची की फक्त शेवट?