मदत हवी आहे : सायकलसाठी स्वस्तातला दिवा सुचवा (तातडीचं)

उशीरलतीफ
मंडळी, सायकलला लावायला एक बरा आणि स्वस्त दिवा सुचवा. रोज रात्री उशिरा परततो. पहिला दिवा घेतला तो तीन महिन्यांत मेला. दुसरा आणला, त्याच्या खोक्यावर १०,००० लुमेन छापलंय, पण रस्ता काही दिसत नाही. परवा खड्ड्यात गेलो, गुडघा सोलवटला. दोनदा पैसे घालवलेत, तिसऱ्यांदा फसायचं नाहीये. कृपया नेमकं नाव सांगा, चर्चा नको. उद्याच घ्यायचाय.

मडगार्ड
चर्चा नको म्हणून चर्चेचा धागा काढलात, धन्य आहात. रस्त्यावर दिवे आहेत की मिट्ट काळोख? किती वेळ चालवता? साधारण वेग काय? पावसात चालवता का? दिवा काढून घरात नेऊन चार्ज करणं जमतं का? एवढं सांगितल्याशिवाय कोणी नाव सांगितलंच, तर ते त्याच्या सोयीचं असेल, तुमच्या नाही.

उशीरलतीफ
साधी सायकल, साधा रस्ता. दिवे काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी नाहीत. पाऊणएक तास लागतो. आता नाव सांगा.

फिरते_चाक
रुमाल टाकून ठेवतो. मलाही घ्यायचाय.

वॉटमोजणी
आधी ते १०,००० लुमेन निकालात काढू. चांगला एलईडी साधारण एका वॉटला शंभरेक लुमेन देतो. म्हणजे दहा हजारांना शंभर वॉट लागले. तुमच्या दिव्यात बहुतेक एकच सेल असेल, समजा २००० एमएएचचा, म्हणजे २ अँपिअर-तासांचा. ३.७ व्होल्टने गुणलं की ७.४ वॉट-तास. तो शंभर वॉटला पाच मिनिटंसुद्धा पुरणार नाही, आणि दिवा इतका तापेल की हात लावता येणार नाही. मोटारीच्या एच४ हॅलोजन बल्बचा खालचा झोत हजार लुमेनच्या आसपास असतो. तुमच्या मुठीएवढ्या डबीत मोटारीचे दहा बल्ब बसवलेत, असा त्या खोक्याचा दावा आहे.

हाच हिशेब उलटा केला की खरं काय ते कळतं. ४०० लुमेन म्हणजे चारेक वॉट, आणि ७.४ वॉट-तासांत ते पावणेदोन तास चाललं तर नशीब समजा. खोक्यावर '४०० लुमेन, ६ तास' असं लिहिलेलं असतं तेव्हा ४०० हा सर्वांत प्रखर मोडचा आकडा आणि ६ तास हा सर्वांत मंद मोडचा. दोन्ही खरे, पण एकत्र नाहीत. काळोख्या रस्त्यावर तुमच्या वेगाला ३०० ते ५०० खरे लुमेन पुष्कळ झाले.

डायनॅमोभक्त
हे सेल, चार्जर, एमएएच सगळं थोतांड आहे. डायनॅमो लावा आणि विसरा. ६ व्होल्ट, ३ वॉट, त्यातले २.४ पुढे आणि ०.६ मागे. चाक फिरतंय तोवर उजेड. माझा इतकी वर्षं चालतोय, एकदाही चार्ज केलेला नाही.

मडगार्ड
आणि टायर ओला झाला की रोलर घसरतो, त्याचं काय? शिवाय ती घरघर. थांबलात की दिवा गुल, म्हणजे नेमकं चौकात, जिथे दिसायची सगळ्यात जास्त गरज, तिथे तुम्ही अदृश्य.

डायनॅमोभक्त
तुम्ही आजोबांच्या जमान्यातला, टायरला घासणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो धरून बसलात. हब डायनॅमो बघा, चाकाच्या आसातच असतो. घासणं नाही, आवाज नाही. आणि त्याच्या एलईडी दिव्यात कपॅसिटर असतो, थांबल्यावरही काही मिनिटं तेवत राहतो.

वॉटमोजणी
वस्तू उत्तमच, वाद नाही. पण हब बदलायचा म्हणजे पुढचं चाक नव्या आऱ्यांनी पुन्हा विणून घ्यायचं. धाग्याच्या नावातला 'स्वस्तातला' हा शब्द वाचलात का?

डायनॅमोभक्त
महाग रडवी एकदा, स्वस्त रडवी वारंवार. दोन दिवे झाले ना त्यांचे?

उशीरलतीफ
मी दिवा विचारला होता.

पहाटवारा
एवढी उठाठेव कशाला? खिशातली टॉर्च घ्या, जुन्या ट्यूबची पट्टी कापून हँडलला आवळून बांधा. मी दोन वर्षं तेच करतोय. स्वतंत्र सेल, संपला की दुसरा घालायचा.

अर्धचंद्र
आणि समोरून येणाऱ्याला आंधळं करायचं. टॉर्चचा झोत गोल असतो, अर्धा उजेड रस्त्यावर आणि अर्धा समोरच्याच्या डोळ्यांत किंवा झाडांच्या शेंड्यांवर. सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला हवा, मोटारीच्या खालच्या झोतासारखा. जर्मनीत वाहनांसाठी स्टव्हीझेडओ (StVZO) नावाची नियमावली आहे, सायकलच्या दिव्यांबाबत त्यात हेच बघतात. तिथल्या दिव्यांवर लुमेन नाही, लक्स छापतात. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडला, लक्स म्हणजे रस्त्यावर प्रत्यक्ष किती पोचला. वरची कड सरळ रेषेत कापलेला, रस्त्यावर पसरट पट्टा टाकणारा दिवा असेल तर निम्म्या लुमेनमध्ये काम होतं, आणि बॅटरीही तितकीच वाचते.

पहाटवारा
मी टॉर्च खाली झुकवतो हो. एवढं कळतं.

अर्धचंद्र
झुकवली की चाकापुढे दोन हातांवर लख्ख गोळा आणि पुढे काळोख. डोळे त्या गोळ्याला सरावतात, पलीकडचं मग मुळीच दिसत नाही. बांधा आणि बघा.

पहाटवारा
दोन वर्षं बघतोय असं वरच लिहिलंय.

शांतचित्त
माझं स्पष्ट मत, रात्री सायकल चालवूच नये. जीव महत्त्वाचा. लवकर निघत चला.

उशीरलतीफ
सुटतोच रात्री. तुम्ही सोडवता का लवकर?

खोगीर
धागा सायकलचा आहे म्हणून इथेच विचारतो. अर्ध्या तासानंतर माझा पार्श्वभाग बधिर होतो. जेलचं कव्हर घालावं की सीटच बदलावी? (अवांतराबद्दल क्षमस्व.)

मडगार्ड
वेगळा धागा काढा. पण जाता जाता, सीटचं नाक थोडं खाली करून बघा.

लतीफसाहेब, मूळ प्रश्न. पहिला दिवा मेला म्हणजे नक्की काय झालं? पेटेना की चार्जच होईना?

उशीरलतीफ
चार्ज होईना. लाल खूणही लागत नाही. आता खणात पडलाय. त्याचा काय संबंध? तो गेला.

मडगार्ड
चार्ज कशाने करत होता?

उशीरलतीफ
फोनच्या चार्जरने. सगळे करतात तसंच.

वॉटमोजणी
मधल्या काळात फोन बदललात का? नव्या केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी आहे?

उशीरलतीफ
हो, बदललाय. बरं मग?

वॉटमोजणी
मग तुमचा दिवा बहुधा जिवंत आहे. दोन्हीकडे सी असलेल्या केबलमध्ये, पलीकडे कोणी वीज मागतंय हे कळल्याशिवाय चार्जर व्होल्टेज सोडतच नाही. ते कळावं म्हणून उपकरणात ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लागतात. किंमत नगण्य, पण स्वस्त दिव्यांत तेवढेही गाळतात. जुना, चौकोनी यूएसबी-ए तोंडाचा चार्जर आणि ए-टू-सी केबल लावून बघा. तो आपला बिनदिक्कत पाच व्होल्ट देतो.

उशीरलतीफ
थांबा.

उशीरलतीफ
लाल खूण लागली.

फिरते_चाक
वा! धागा वसूल. वाचनखूण साठवली.

डायनॅमोभक्त
डायनॅमोला केबलच लागत नाही. असो.

उशीरलतीफ
हे झकास झालं, आभार. पण तो पहिला लावूनही नीट दिसायचं नाही, म्हणून तर प्रखर दुसरा घेतला होता. म्हणजे दिवा लागतोच. सांगा आता.

अर्धचंद्र
दोन वेगळे दिवे आणि दोन्हींनी दिसत नाही? ४०० लुमेनचा कसलाही गोल झोत असला तरी खड्डा दिसायला हवा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर आठ मीटर, थांबायला आणखी चार. बारा-पंधरा मीटर दिसलं की झालं. तेवढं टॉर्चनेही दिसतं (पहाटवारा, खूश?). दिवा लावलाय कुठे?

उशीरलतीफ
हँडलवर. आणखी कुठे लावतात?

अर्धचंद्र
हँडलच्या पुढे काही आहे?

उशीरलतीफ
काही नाही. टोपली आहे फक्त.

मडगार्ड
अहो!!

अर्धचंद्र
आणि टोपलीत?

उशीरलतीफ
बॅग असते. ती काय डोक्यावर घेऊ?

पहाटवारा
लोकहो, आपण इतका वेळ एका बॅगेवर किती लक्स पडतात याची चर्चा करत होतो.

अर्धचंद्र
हसू नका, बरेच जण हेच करतात. जवळचा उजेड टोपलीच्या जाळीवर आणि बॅगेवर आपटून उलटा तुमच्या डोळ्यांत येतो. बाहुल्या आकसतात, पुढचा रस्ता आणखी काळा दिसतो. म्हणून जितका प्रखर दिवा घ्याल तितकं कमी दिसेल. दहा हजार खरे असते तर अजिबात दिसलं नसतं.

दिवा टोपलीच्या पुढच्या बाजूला न्या, नाहीतर टोपलीखाली, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) डोक्याला जे भोक असतं तिथे. पहिला दिवा वापरा. नवा काहीही घेऊ नका, एक क्लॅम्प तेवढा लागेल. रबरी पट्ट्याचा दिवा टोपलीच्या तारेवर फिरतो, म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

वॉटमोजणी
खाली लावणार असाल तर पाण्याचं बघा. पुढच्या चाकाचे शिंतोडे थेट त्यावर. दिव्यावर आयपीएक्स४ हा पाणीरोधकतेचा दर्जा लिहिलेला असेल, तर ती फक्त शिंतोड्यांपुरती हमी. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच नीट बसतंय ना, तेवढं पाहा.

खोगीर
नाक खाली केलं. आता पुढे घसरतोय.

उशीरलतीफ
झालं. फोर्कला लावला, बोल्ट लांब मिळाला. काल रात्री आलो. दिसतं, अगदी लांबवर दिसतं. पण नवीन भानगड, प्रत्येक खडा डोंगराएवढा दिसतो आणि प्रत्येक उंचवट्यामागे विहीर. चार वेळा उगाच ब्रेक मारला.

अर्धचंद्र
दिवा जितका खाली तितक्या सावल्या लांब. तो दोष नाही, गुण आहे. डोक्याला दिवा बांधणाऱ्यांना उलट त्रास होतो, उजेड नजरेच्याच रेषेत असल्यामुळे सावली दिसत नाही आणि खड्डा सपाट वाटतो. आठवड्यात सराव होईल.

मडगार्ड
मागचा दिवा आहे ना? पुढच्याने तुम्हाला दिसतं, मागच्याने तुम्ही दिसता. मी तरी स्थिर लाल ठेवतो. लुकलुकता दिवा लक्ष पटकन वेधतो, पण किती अंतरावर आहे याचा मागच्याला अंदाज येत नाही.

पहाटवारा
असहमत. गर्दीत लुकलुकता हवाच.

अर्धचंद्र
दोन लावा, एक स्थिर, एक लुकलुकता. जर्मनीत लुकलुकता चालत नाही, पण तिथेच आपण थोडे राहतोय. आणि घोट्यांना परावर्तक पट्ट्या. पाय वरखाली होताना दिसले की लांबूनच कळतं, माणूस आहे. बॅटरी शून्य.

उशीरलतीफ
मागचा आहे, पहिल्या दिवसापासून. सीटखाली लावलाय. तुमचे वाद तुम्ही मिटवा, माझं काम झालं. सर्वांचे आभार.

मडगार्ड
एक मिनिट. मागे कॅरिअर आहे?

उशीरलतीफ
आहे.

मडगार्ड
त्यावर काही असतं?

उशीरलतीफ
पुढचं मागे टाकलं. दिवा लावायचा म्हणून टोपली काढून ठेवली, बॅग आता कॅरिअरवर असते.

मडगार्ड
दिवे लावा, सायकल स्टँडवर उभी करा, बॅग ठेवा, दहा पावलं मागे जाऊन वळून बघा. मग इथे येऊन लिहा.