मदत हवी आहे: अंगावर कर्ज असताना भाड्याने द्यायला घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने हा विषय डोक्यात घोळतोय. घरात बोलून झालं, कागदावर आकडेमोड झाली, तरी निर्णय होत नाही. ज्यांनी कर्ज आणि मालमत्ता दोन्ही जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

खरे आकडे देण्याऐवजी माझा हातात येणारा मासिक पगार १०० धरते. म्हणजे पुढचा हिशेब कोणालाही स्वतःच्या पगाराशी ताडून बघता येईल.

घरखर्च ४४. हप्ते एकूण ३६: वैयक्तिक कर्ज १५ (व्याज १४ टक्के, अडीच वर्षं बाकी), शैक्षणिक कर्ज ९, गाडी ८ आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ४. कार्डावर ८० थकलेत. वैयक्तिक कर्ज वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी काढलं होतं, कार्डावरची थकबाकीही बरीचशी त्याच काळातली. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. महिन्याला २० उरतात आणि मुदत ठेवीत ३०० साठलेत.

आता घर. जे परवडेलसं वाटतंय त्याची किंमत ३०००, म्हणजे माझा अडीच वर्षांचा पगार. २० टक्के, म्हणजे ६०० आपण भरायचे, उरलेल्या २४०० चं गृहकर्ज २० वर्षांसाठी. ९ टक्क्यांनी हप्ता साधारण २१.६ बसतो. ६०० पैकी ३०० ठेव मोडून, उरलेल्या ३०० साठी पाच वर्षांचं आणखी एक वैयक्तिक कर्ज, त्याचा हप्ता ७. भाडं ९ मिळेल असं तिथले लोक सांगतात. २१.६ अधिक ७ वजा ९, म्हणजे खिशातून १९.६. माझ्याकडे २० उरतात. बसतंय!

बसतंय म्हणूनच मोह होतोय. आणि तरीही रात्री झोप लागत नाही, कारण उरतात फक्त ०.४.

पगार हे एकमेव उत्पन्न आहे आणि त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी उभं राहावं असं मनापासून वाटतं. वडिलांच्या आजारपणात हे फार जाणवलं. पण कर्ज फिटेपर्यंत थांबले तर भाव इतके पुढे जातील की पुन्हा कधी जमणारच नाही, ही भीती आहे. तर आधी कर्ज फेडावं की आधी घर घ्यावं? दोन्ही एकदम करता येतं का? आणि कमी पैशात सुरुवात करायचा दुसरा मार्ग आहे का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही आकडे इतके स्वच्छ मांडलेत की उत्तर द्यायला सोपं गेलं. मी बरीच वर्षं कर्जमंजुरीच्या कामात होतो, त्यामुळे आधी कर्ज देणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपुढे गेले की बहुतेक ठिकाणी हात आखडता घेतात. तुमचे आज ३६ आहेत. त्यात २१.६ आणि ७ मिळवले की ६४ च्या पुढे. भाडं येणार आहे हे तुम्ही सांगाल, पण न आलेलं भाडं उत्पन्न म्हणून पूर्ण धरतीलच असं नाही. शिवाय स्वतःचा वाटा भरण्यासाठी नुकतंच काढलेलं वैयक्तिक कर्ज पतअहवालात (तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींत) दिसतं, आणि ते पाहून अर्ज तपासणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की या माणसाचे स्वतःचे पैसे कुठे आहेत.

समजा कर्ज मिळालंच. तुमच्या हिशेबात नोंदणीचा, कागदपत्रांचा आणि वकिलाचा खर्च नाही. भाडेकरू बदलताना वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर भाड्याचे आठ टक्के तिथेच गेले. दुरुस्ती, देखभाल, कर हे वेगळे. व्याजदर ९ चा १० झाला की हप्ता २१.६ वरून २३ च्या वर जातो. यातली एकच गोष्ट घडली तरी तुमचे ०.४ संपतात, आणि ठेव तर आधीच मोडलेली असेल. मग पुढचा खर्च कुठून? पुन्हा कार्डावरून. माझ्यासमोर आलेली अडकलेली माणसं बहुतेक याच वाटेने अडकली होती.

आणखी एक गोष्ट शांतपणे बघा. घर ३००० चं, पण त्यात तुमचे स्वतःचे फक्त ३००. भाव १० टक्के उतरला तर कागदोपत्री तुमचे सगळे पैसे गेले. भाव चढला तर फायदाही असाच मोठा दिसतो, म्हणून उधारीवरची गुंतवणूक आकर्षक वाटते. पण चढलेल्या भावातून पुढच्या महिन्याचा हप्ता भरता येत नाही. तो रोखीनेच भरावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. कार्डावर बहुधा महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास व्याज लागत असेल. ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. मुदत ठेव तुम्हाला याच्या जवळपासही देत नाही. ठेवीतले ८० काढा आणि कार्ड एका फटक्यात मोकळं करा. उरलेल्या २२० ला हात लावू नका, तो घरखर्च आणि हप्ते मिळून जवळपास तीन महिन्यांचा आधार आहे. आता महिन्याला २० नाही, २४ सुटे होतील. ते वैयक्तिक कर्जात जादा भरा. तुमच्या हप्त्यावरून बाकी साधारण ३७८ निघते. महिन्याला ३९ गेले की अडीच वर्षांचं कर्ज अकरा महिन्यांच्या आत संपतं. व्याजात जवळजवळ अर्धा पगार वाचेल. फक्त मुदतपूर्व परतफेडीला दंड आहे का ते करारात पाहा, आणि जादा रक्कम मुद्दलातच वळती करा असं लेखी द्या.

वर्षभराने तुमचे हप्ते ३६ वरून १७ वर आलेले असतील आणि महिन्याला ३९ हातात उरतील. तेव्हा हेच घर बघा. तेव्हा तुम्ही ग्राहक म्हणून वेगळ्याच जागी उभ्या असाल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण थोडी दुसरी बाजू मांडते. सगळी कर्जं फिटेपर्यंत थांबायचं ठरवलं तर काही जण आयुष्यभर थांबतात. मी पहिलं घर भाड्याने दिलं तेव्हा माझं शैक्षणिक कर्ज चालूच होतं. कमी व्याजाचं, ठरलेल्या मुदतीचं कर्ज आणि कार्डाची थकबाकी यांना एकाच मापाने मोजू नका. गाडीचं आणि शिक्षणाचं चालू राहू दे, हप्त्याला खीळ बसत नसेल तर ती तुम्हाला अडवणार नाहीत.

थांबण्याच्या वर्षात शिकायचं मात्र पुष्कळ आहे. ज्या भागात घर घ्यायचंय तिथे दलाल सांगतो ते भाडं आणि भाडेकरू खरंच देतो ते भाडं यातला फरक काढा. राहणाऱ्या लोकांशी बोला. इमारतीत किती घरं रिकामी आहेत, पाणी कसं आहे, मोठी दुरुस्ती तोंडावर आली आहे का, हे जाहिरातीत कधीच नसतं. मालकीची साखळी, म्हणजे घर आधी कोणाकोणाच्या नावावर होतं, आणि त्या मालमत्तेवर आधीचा बोजा, म्हणजे न फिटलेलं कर्ज वगैरे आहे का, हे विक्रेत्याच्या वकिलाकडून नाही, आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. या एका बाबतीत काटकसर करू नका, हात जोडून सांगते.

तुमच्या घराचं वार्षिक भाडं १०८, म्हणजे किमतीच्या ३.६ टक्के. कर्ज ९ टक्क्यांचं. म्हणजे भाववाढ झाली नाही तर हे घर दर महिन्याला तुमच्याकडूनच मागत राहणार. पुढे घर निवडाल तेव्हा आधी हा आकडा काढा, मग खिडकीतून काय दिसतं ते बघा.

प्रतिसाद ३

कमी पैशात सुरुवात करण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. रीट नावाचा प्रकार आहे. अमेरिकेत १९६० साली कायद्याने सुरू झाला, नंतर अनेक देशांनी स्वीकारला. अनेकांचे पैसे एकत्र करून कार्यालयं, मॉल, गोदामं अशा भाडं देणाऱ्या मालमत्ता घेतल्या जातात आणि उत्पन्नाचा मोठा भाग गुंतवणूकदारांना वाटला जातो. अमेरिकेत तर करपात्र उत्पन्नाच्या किमान ९० टक्के वाटप बंधनकारक आहे. युनिट शेअर बाजारात विकत घेता येतात, कर्ज काढावं लागत नाही आणि गरज पडली तर थोडेच विकता येतात. घराची एक खोली विकता येत नाही.

पण ही मुदत ठेव नाही. २००८ च्या पडझडीत अमेरिकेतले रीट जोरात आपटले होते. म्हणून तुमच्या २२० ला यात वाट दाखवू नका. वैयक्तिक कर्ज संपलं की उरणाऱ्या ३९ पैकी थोडे यात घाला, बाकीचे घराच्या वाट्यासाठी सुरक्षित जागी साठवा.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधलं "तुमचे स्वतःचे फक्त ३००" हे वाक्य वाचून खूप वेळ तशीच बसून राहिले. मी ६०० हा माझा वाटा समजत होते, प्रत्यक्षात निम्मा उसना होता.

कार्डाची थकबाकी ठेवीतून भरायचं ठरवलं आहे. वैयक्तिक कर्जाचा करार काढून बघितला, दंड आहे, पण फक्त पहिल्या वर्षापुरता, आणि ते वर्ष उलटून गेलंय.

एक शेवटची शंका. धाकटा भाऊ म्हणतो, ताई, वर्ष कशाला थांबतेस, आपण दोघं मिळून घेऊ, कर्जही दोघांच्या नावावर काढू. त्याच्या अंगावर काही कर्ज नाही. यात काही धोका आहे का?

प्रतिसाद १

ताई, सहकर्जदार म्हणजे निम्म्या कर्जाला जबाबदार असं नसतं. दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार. भावाची नोकरी गेली तर सगळा हप्ता तुमच्यावर, तुमची अडचण झाली तर त्याच्यावर, आणि चुकलेला हप्ता दोघांच्या पतअहवालात. हे कर्ज चालू असताना उद्या त्याला स्वतःच्या संसारासाठी घर घ्यायचं झालं, तर त्याची पात्रता या कर्जाने कमी झालेली असेल. तो आज लहान आहे, त्याच्या हे लक्षात येणार नाही, म्हणून तुम्हीच त्याला सांगा.

घ्यायचंच ठरलं तर आधी लिहून काढा: कोणाचा किती हिस्सा, हप्ता आणि दुरुस्ती कोण किती देणार, भाडं कोणाच्या खात्यात, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कोण ठरवणार आणि दुसऱ्याला पैसे उभे करायला किती मुदत. खरेदीखतातही तेच हिस्से नोंदवा. आणि हे बोलणं भावाच्या लग्नाआधी होऊ दे, नंतर त्यात आणखी एका माणसाचं म्हणणं असेल आणि ते असायलाच हवं.