जीवशास्त्राच्या पहिल्या धड्यात विनोद: मदत की दिशाभूल?

खोडरबर

जीवशास्त्राची सुरुवात म्हणजे शब्दांचा भडिमार. तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका, परासरण, अर्धसूत्री विभाजन. पेशी म्हणजे काय हे पुरतं पचायच्या आत तिच्या पोटातल्या सगळ्या भागांची नावं पाठ करायची. माझं मत स्पष्ट आहे: आधी हसवा, मग नाव सांगा. विनोद आणि रोजच्या जगण्यातली उदाहरणं फक्त तोंडी लावायला नकोत, धडा त्यांच्यावरच उभा करावा.

एक नमुना देतो. वर्गाला सांगायचं, बसल्या जागी श्वास रोखा. गाल फुगतात, डोळे वटारले जातात, शेजाऱ्याला हसवून हरवायचे प्रयत्न होतात आणि एकेक जण 'हाऽऽ' करून सुटतो. मग विचारायचं, "काय संपलं म्हणून हरलात?" सगळे एका सुरात: "ऑक्सिजन!" चूक. रक्तात ऑक्सिजन अजून भरपूर असतो. मेंदू बोंब मारतो ती कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. घरात सगळं आहे, पण कचरा कुणी नेला नाही म्हणून आरडाओरडा चाललाय, असं सांगितलं की वर्ग खो खो हसतो. आणि श्वास आत घेण्याइतकाच बाहेर टाकण्यासाठी असतो, हे त्यांच्या डोक्यातून पुन्हा जात नाही.

व्याख्या लिहून देऊन हे साधतं का, सांगा.

काटेकोर

वर्ग हसला म्हणजे वर्ग शिकला, हे कुणी ठरवलं?

रोजच्या उदाहरणांचं एवढं कौतुक आहे तर त्यांची कुंडलीही मांडू. परासरण, म्हणजे पातळ पटलातून पाण्याचं विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं, शिकवताना हमखास दिलं जाणारं उदाहरण कोणतं? बराच वेळ पाण्यात राहिलं की बोटांना सुरकुत्या पडतात. पाणी कातडीत शिरतं, कातडी फुगते, घड्या पडतात. ऐकायला चोख. फक्त खरं नाही. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो, त्याला पाण्यात ठेवूनही सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांच्या १९३०च्या दशकातच लक्षात आलं होतं. नुसतं परासरण असतं तर मज्जातंतू असला काय, नसला काय, फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात मज्जासंस्थेच्या हुकुमाने बोटाच्या टोकाच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला भाग बसतो आणि वरच्या कातडीला घड्या पडतात. म्हणजे मुलांना इतकी वर्षं जे सांगत आलो ते उदाहरण भलत्याच धड्याचं होतं.

दुसरं, जीभ गोल करणं. आनुवंशिकतेच्या तासाला सगळ्यांनी जिभा बाहेर काढायच्या. प्रचंड हशा. मग सांगायचं की ज्यांना जमतं त्यांच्याकडे प्रभावी जनुक, म्हणजे आईबाबांपैकी एकाकडून आलं तरी पुरणारं. आनुवंशिकीतज्ज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९४० मध्ये हे सुचवलं होतं. १९५२ मध्ये हुबेहूब जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर ७ जोड्यांत एकाला जमत होतं आणि दुसऱ्याला नाही. दोघांची जनुकं तीच! पुढे खुद्द स्टर्टेव्हंटनेच हे उदाहरण सोडून दिलं. वर्गांनी मात्र सोडलं नाही. आता विचार करा, एखादी मुलगी घरी जाते. तिला जमतं, आईला जमत नाही, बाबांनाही जमत नाही. तुमच्या मजेदार धड्याप्रमाणे हे अशक्य. तिने काय निष्कर्ष काढायचा?

पानफूल

काटेकोर, जिभेबद्दल शंभर टक्के मान्य. पण विनोद हा बाहेरून आणून चिकटवलेला प्रकार आहे असा तुमचा सूर आहे, तो पटत नाही. या शास्त्राच्या पायातच तो आहे.

स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात फुलझाडांचे वर्ग पाडले ते मुख्यतः पुंकेसर, म्हणजे फुलातले नर अवयव, मोजून. आणि वर्णन केलं ते थेट लग्नघरच्या भाषेत. पाकळ्या म्हणजे वधूवरांची शेज. नऊ पुंकेसरांचा वर्ग म्हणजे एका वधूच्या खोलीत नऊ नवरे. योहान झीगेसबेक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे इतकं अश्लील वाटलं की त्याने छापून टीका केली. पण त्या भाषेमुळे कुणीही साधा माणूस हातात फूल घेऊन केसर मोजू शकला. वनस्पतिशास्त्र मूठभर पंडितांच्या हातातून सुटलं.

मला विचाराल तर नऊ नवऱ्यांच्या गोष्टीने जे केलं ते नऊशे व्याख्यांनी केलं नसतं.

काटेकोर

आणि पुढे काय झालं तेही सांगा ना. नुसते केसर मोजल्यामुळे ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशी झाडं एका वर्गात येऊन बसली. ती मांडणी शास्त्रज्ञांनी बाजूला ठेवली आणि खऱ्या नात्यांवर आधारलेली पद्धत घेतली. वर्गीकरण मोडीत निघालं, विनोद तेवढा तुमच्या लक्षात राहिला. मी हेच म्हणतोय.

पानफूल

वर्ग गेले, पण फुलाचे लैंगिक अवयव मोजण्यासारखे असतात ही गोष्ट राहिलीच की.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, शिकवत नाही, पण दोन गोष्टी सांगते.

पहिली खोडरबर सरांच्या श्वासाच्या खेळाबद्दल. उदाहरण उत्तम आहे, पण अर्धं सांगू नका. काही हुशार मुलं जास्त वेळ टिकण्यासाठी आधी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड खाली जातो. म्हणजे तुमच्या भाषेत, कचऱ्याची बोंब मारणाराच गप्प होतो. हाच प्रकार पाण्यात बुडी मारण्याआधी केला तर श्वास घ्यावासा वाटण्याआधीच शुद्ध हरपते आणि माणूस आवाजही न करता बुडतो. पट्टीचे पोहणारे असे गेले आहेत. वर्ग हसत असताना हेही सांगितलंच पाहिजे. नाहीतर उद्या तलावावर शर्यत लागेल.

दुसरी गोष्ट नावांबद्दल. फळमाशीच्या एका जनुकात बिघाड झाला की अळी आखूड होते आणि अंगभर काटे दिसतात. म्हणून त्या जनुकाला 'हेजहॉग' म्हणजे काटेरी प्राण्याचं नाव पडलं. सस्तन प्राण्यांत त्याचे भाऊबंद सापडले तेव्हा त्यांतल्या एकाला चक्क व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव मिळालं, 'सॉनिक हेजहॉग'. हे १९९३ सालचं. प्रयोगशाळेत सगळे खूश झाले असतील. आता माझ्या बाजूने बघा. याच जनुकातल्या बिघाडामुळे काही गर्भांत मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धगोलांत नीट विभागला जात नाही. बरीच बाळं जन्मालाच येत नाहीत, काही जन्मून फार जगत नाहीत. समोर आईवडील बसलेत आणि मी त्यांना कारण म्हणून एका खेळातल्या निळ्या पात्राचं नाव सांगायचं?

मी तिथे फक्त आद्याक्षरं वापरते.

खोडरबर

डॉक्टर, पाण्याचा मुद्दा आजपासून माझ्या तासात येणार. नावाबद्दलही वाद नाही. विनोद प्रक्रियेवर हवा, कुणाच्या दुखण्यावर नको.

काटेकोर, जीभ बाद. पण बोटांच्या सुरकुत्या टाकून द्यायचं काहीच कारण नाही. उलट त्याच वापरू. आधी मुलांना परासरणाचं स्पष्टीकरण देऊ द्यावं आणि मग विचारावं, "मज्जातंतू तुटलेल्या बोटाला सुरकुत्या का पडत नाहीत?" परासरणही कळतं आणि त्याची हद्द कुठे संपते तेही. परासरण दाखवायचंच असेल तर मनुका पाण्यात टाका, तासाभरात टरारते. तिला मज्जातंतू नाही, वादच मिटला.

मागचा बाक

मी विद्यार्थी. तुम्हा मोठ्यांच्या भांडणात एक तक्रार घुसवतो. वर्गातले विनोद विनोद नसतातच, तेही पाठांतरच असतं.

तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र. हे एवढ्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणेन. फिलिप सीकेव्हिट्झने १९५७ मध्ये लेखाला 'पेशीचं पॉवरहाऊस' असं नाव दिलं आणि तेव्हापासून जग तेच घोकतंय. पण ते केंद्र चालतं कसं? कुणी सांगितलंच नाही. मी स्वतः वाचलं तेव्हा उडालोच. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन खच्चून भरले जातात. त्यांना परत यायला मुख्य दार एकच, आणि ते दार म्हणजे खरोखर गरगर फिरणारं यंत्र. प्रोटॉन आत घुसतात, यंत्र फिरतं, सेकंदाला शंभरेक फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या पदार्थाचे, तीन रेणू तयार होतात. हे कसं घडतं ते उलगडल्याबद्दल १९९७ चं नोबेल मिळालंय. शरीरात कुठल्याही क्षणी एटीपी असतं मूठभर, पण तेच मोडून-जोडून दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतकं बनवलं जातं. माझ्या आत इतकी धावपळ चालू असताना मी मागच्या बाकावर झोपलेलो असतो, हा खरा विनोद आहे! तो सोडून तुम्ही आम्हाला 'ऊर्जाकेंद्र' देता.

तसंच लयकारिकांचं. 'आत्मघाती पिशव्या' म्हणून नाव गाजवलंय. नाव भारी, पण त्या बहुतेक वेळ आत्महत्या करत नसतात, जुनं सामान मोडून त्यातलं कामाचं परत देत असतात. पेशी स्वतःचेच भाग कसे खाते, यावरच्या कामाला २०१६ चं नोबेल आहे. नाटकी नावामुळे रोजचं काम झाकलं गेलं.

सूक्ष्म

मागचा बाक, झकास लिहिलंस. याच सुरात एक आकडा. 'तुमच्या शरीरात माणूस फक्त दहा टक्के, बाकी जिवाणू' हे वाक्य टाळ्या घेण्यासाठी सर्रास वापरलं जातं. २०१६ मध्ये नीट मोजदाद झाली तेव्हा निघालं, सरासरी माणसात सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू. म्हणजे जवळजवळ बरोबरी. जिवाणूंचं सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोच्या आतच. आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असल्यामुळे एकदा शौचाला जाऊन आलं की बहुमत फिरू शकतं. हे मी नाही, मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनीच लिहिलंय.

खोट्या आकड्यापेक्षा खऱ्यावर जास्त हसू येतं, असा माझा अनुभव आहे.

काटेकोर

मागचा बाक आणि सूक्ष्म जे म्हणतात त्याला माझा विरोध नाही. वस्तुस्थिती नीट सांगितली आणि तिच्यातूनच हसू आलं तर उत्तम. माझी तक्रार आधी हशा ठरवून मग त्यात शास्त्र कोंबण्याबद्दल आहे. खोडरबर, तुमचं 'आधी हसवा, मग नाव सांगा' हे नेमकं तेच सूत्र आहे. पहिलं पाऊल प्रश्नाचं हवं.

हा घ्या माझा प्रश्न, बिनविनोदी. आपली तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस शरीरभर फिरते. तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. मग तिची ऊर्जा कुठून येते?

खोडरबर

ग्लुकोज मोडून, ऑक्सिजन न वापरता. एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी, म्हणजे अगदी चणचणीचा संसार. आणि ते शोभूनही दिसतं. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू ऑक्सिजन घेऊन निघालेत. पार्सल पोचवणाऱ्यानेच वाटेत पार्सल उघडून खाल्लं तर कसं चालेल?

बघा, तुमच्या बिनविनोदी प्रश्नाचं उत्तर कसं आलं.

पानफूल

पार्सल मस्त. पण पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रकही असतं आणि चालू तंतुकणिकाही. उडणाऱ्याला ऑक्सिजन तर आपल्यापेक्षा जास्त लागतो. त्यांच्याकडे वाटेत पार्सल उघडलं जातं आणि तरी धंदा जोरात आहे.

काटेकोर

मी काही बोलत नाही.

मागचा बाक

मग पक्ष्यांचं भागतं कसं? कुणीतरी उपमा न देता सांगा, उपमांनी पोट भरलं.

पानफूल

पूर्ण उत्तर एवढंच आहे असा दावा नाही, पण एक मोठा भाग त्यांच्या फुफ्फुसात आहे. आपण ज्या वाटेने हवा आत घेतो त्याच वाटेने बाहेर सोडतो, त्यामुळे ताज्या हवेत थोडी शिळी मिसळतेच. पक्ष्यांच्या फुफ्फुसात हवा मुख्यतः एकाच दिशेने वाहते, कारण पुढेमागे हवेच्या पिशव्या असतात आणि त्या भात्यासारखं काम करतात. श्वास घेतानाही ताजी हवा, सोडतानाही ताजी हवा. (भाता ही उपमा झाली, माफ कर.) या पिशव्यांवर वेगळा धागा काढते. घाबरू नका, आत्मघाती नाहीत.