जर्मनीत मी दीड वर्ष 'दत्ता' होते (नावाआडनावांचे अनुभव)

शेवंती_
काल कपाट आवरताना जुन्या ऑफिसचं ओळखपत्र सापडलं, जर्मनीतलं. फोटो माझा आणि खाली ठळक अक्षरात बाबांचं नाव. नुसतं बाबांचं! सगळं एकदम आठवलं म्हणून धागा काढतेय, आधी असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही.

झालं असं की माझ्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव शेजारी शेजारी आहे आणि मग आडनाव. तिकडे वाटलं की या बाईला दोन नावं ठेवलेली आहेत, त्यातलं कुठलं घ्यायचं ते आपण ठरवू. कुणीतरी पहिलं गाळलं आणि दुसरं घेतलं. ईमेल, दारावरची पाटी, ओळखपत्र, सगळीकडे दत्तात्रय. टीममध्ये सगळे एकेरीत, पहिल्या नावाने, आणि एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून दत्ता. गंमत म्हणजे कुणालाच काही खटकलं नाही कारण तिकडे शेवटी 'आ' आला की ते बाईचंच नाव. आना, मार्टा, दत्ता. एक बाई तर म्हणाली किती गोड नाव आहे, मुलीला ठेवीन.

आधी दोन-तीनदा सांगून बघितलं, मग कंटाळा आला. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं नुसते हसत होते, मग म्हणाले पगारही माझ्याच खात्यात टाकायला सांग.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. कार्ड टाकून देणार होते, परत खणात ठेवलं.

तुमचेही लिहा. परदेशातलेच पाहिजेत असं काही नाही.

गोगलगाय
पगार माझ्या खात्यात!! हाहाहा. बाबा भारी होते तुझे.

तिरपा_कोन
आमच्याकडे आइसलँडचं एक कुटुंब होतं, नवरा बायको मुलगा मुलगी, चौघांची आडनावं चार. म्हणजे आडनाव नसतंच त्यांच्यात. बापाचं नाव योन असेल तर मुलगा योन्सन म्हणजे योनचा पोरगा आणि मुलगी योन्सदोत्तिर, योनची मुलगी. लग्नानंतर बायको नाव बदलत नाही कारण बदलून करणार काय, ती काय सासऱ्याची मुलगी थोडीच आहे. आईचं नाव लावलं तरी चालतं. टेलिफोन डिरेक्टरी पण पहिल्या नावाने लावलेली असायची आणि पंतप्रधानाला सुद्धा पहिल्या नावानेच बोलतात. मी त्या नवऱ्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, मधलं वडिलांचं आहे म्हटलं, तर म्हणतो अरे मग तुमचं आमच्यासारखंच आहे, फक्त मागे एक डबा जास्त जोडलाय. तेव्हापासून मला आडनाव म्हणजे गार्डचा डबाच वाटतो.

केळफूल
एफएनयू!!! ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे

गोगलगाय
ज्यांना माहीत नाही त्यांचं काय मग :)

केळफूल
सॉरी कुकर लावत होते. माझ्या रूममेटचं पासपोर्टवर एकच नाव होतं, त्यांच्यात आडनाव लावतच नाहीत. अमेरिकेच्या व्हिसावर ते एक नाव गेलं आडनावाच्या जागी आणि नावाच्या जागी छापून आलं एफएनयू, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. पहिल्याच तासाला सरांनी हजेरी घेतली, "फनू? इज फनू हिअर?" ही शांत बसलेली, तिला कळलंच नाही की ती फनू आहे. बँकेचं कार्ड फनू, लायब्ररी फनू, तिने एक सेमिस्टर लढा दिला मग सोडून दिला. आता तिला दोन मुलं आहेत आणि ती पण लाडात आल्यावर फनू म्हणतात. इंडोनेशियात पण खूप जणांना एकच नाव असतं ना, त्यांचे राष्ट्राध्यक्ष होते ते सुकार्नो, सुहार्तो? त्यांचे पण हेच हाल होत असतील.

काठावरचा
एकच नाव वरून, यू थांट. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव १९६१ ते ७१. आम्ही शाळेत जीके मध्ये पाठ केलं तेव्हा वाटायचं यू म्हणजे उल्हास उमेश असं काहीतरी इनिशियल. म्यानमारचे होते ते, तिथे आडनाव नाहीच, त्यांचं नाव नुसतं थांट, आणि तो यू खरं तर 'ऊ', म्हणजे आपलं श्रीयुत, काका, राव असं काहीतरी मानाचं. म्हणजे जगभरचे पेपर दहा वर्षं त्यांना काका थांट म्हणत होते. तिथल्याच नेत्या ऑंग सान सू ची यांच्या नावात तर वडिलांचं अख्खं नाव आहे, आजीचं 'सू' आहे आणि आईच्या नावातलं 'ची' आहे. खानदान एका नावात बसवलंय आणि तरी आडनाव नाही.

पाऊसवेडी
मला तर कॉलेजात असताना कळलं की विश्वनाथन आनंद मधलं आनंद हे नाव आहे आणि विश्वनाथन वडिलांचं. तोपर्यंत मी आनंद हे आडनाव समजत होते. आणि पाश्चात्त्य लोक त्याला वडिलांच्या नावावरून 'विशी' करून मोकळे झाले. शेवंती तुझ्या दत्तासारखंच झालं हे!

शेवंती_
अगं हो की! विश्वविजेत्याचं झालं तर माझं काय.

काठावरचा
अब्दुल कलामांचं पण. ए पी जे मधला जे म्हणजे जैनुलाब्दीन, वडील.

तिरपा_कोन
आणि श्रीलंकेचा बॉलर चमिंडा वास विसरलात? वर्णकुलसूर्य पटबेंदिगे उशांत जोसेफ चमिंडा वास. पाच इनिशियल. आम्ही भाऊ भाऊ एका दमात म्हणायची स्पर्धा लावायचो, जो अडखळला त्याने पहिली बॅटिंग सोडायची.

काठावरचा
तो वन डेतला आठ विकेटचा स्पेल! १९ धावांत ८, झिम्बाब्वे ३८ ऑलआउट, २००१. काय बॉल टाकत होता राव, आत यायचा तो.

गोगलगाय
झालं. क्रिकेट आलं. धागा संपला.

सायली_सा
नाही संपला, मी लिहिते. घानात दोन वर्षं होतो आम्ही, नवऱ्याची नोकरी. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने विचारलं जन्म कुठल्या वारी. आता तारीख माहीत, वेळ माहीत, रास नक्षत्र सगळं माहीत, वार कोण लक्षात ठेवतं. कॅलेंडर काढून बघितलं. अकान लोकांत जन्मवारावरून एक नाव मिळतंच, मुलाचं वेगळं मुलीचं वेगळं. नवरा गुरुवारचा म्हणून 'याव', शनिवारचा असता तर 'क्वामे', घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा, त्यांचं क्वामे ते हेच. कोफी म्हणजे शुक्रवारचा, संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होते ते कोफी अन्नान खरंच शुक्रवारी जन्मले होते, ८ एप्रिल १९३८, मी तपासलं. आणि अन्नान म्हणजे चौथं मूल. जुळं होतं म्हणून मधे 'अत्ता' पण होतं. म्हणजे नावातच वार, कितवं मूल, जुळं का एकटं, सगळा जन्मदाखला! नवऱ्याच्या साइटवर याव अशी हाक मारली की पाच जण वळून बघायचे, त्यातला एक आमचा.

माऊची_मम्मी
सोमा, बुधा, मंगळ्या, शुक्र्या, आपल्याकडे पण होतीच की वाराची नावं. आपणच ती मागासलेली ठरवली आणि आता कोफी म्हटलं की कौतुक.

सायली_सा
+१. माझ्या डोक्यातच नव्हतं आलं हे.

माऊची_मम्मी
जुळ्यांवरून. मला जुळी आहेत (मुली, आत्ता भांडतायत, आवाज येतोय का). एका नायजेरियन आईने सांगितलं की योरुबा लोकांत जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात, आधी बाहेर येईल ते तायवो आणि नंतरचं केहिंदे. पण मोठं कोण तर केहिंदे! कारण मोठ्याने धाकट्याला पुढे पाठवलेलं असतं, जा जरा जग बघून ये कसंय ते. हे मी घरी सांगायची चूक केली. आता जी चार मिनिटांनी धाकटी आहे ती रोज ताई म्हणायला लावते.

उंबरठा
माझं लग्नात आडनाव तर बदललंच पण पहिलं नाव पण बदललं. तांदळात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण हसले. बावीस वर्षांची होते. सासरी नव्या नावाने हाक मारली की सुरुवातीला मी उठायचेच नाही, लोकांना वाटायचं भाव खाते. खरंच ऐकू यायचं नाही हो.
पुढे हंगेरीत राहिलो तेव्हा घरमालकीणबाईंच्या लेटरबॉक्सवर नवऱ्याचं पूर्ण नाव आणि शेवटी 'ने'. हंगेरीत आधी आडनाव मग नाव लिहितात, बार्तोक बेला असं, आणि जुन्या पद्धतीने बाईचं लग्न झालं की नवऱ्याच्या अख्ख्या नावाला 'ने' लावलं की झालं तिचं नाव. म्हणजे अमुकची बायको. तिचं स्वतःचं एक अक्षर नाही त्यात. आता सक्ती नाही, पण आजींनी ठेवलं होतं. मी विचारलं तुम्हाला राग नाही आला कधी, तर म्हणाल्या कागदावर मी ती आहे पण माझं नाव कुणी काढून घेतलं नाही, घरी सगळे मला माझ्याच नावाने बोलवायचे. मी घरी आले आणि बराच वेळ ठरवत बसले की दोघींत कुणाचं बरं. अजून ठरलं नाहीये.

पाऊसवेडी
उंबरठा, काय लिहू. तुमचं आधीचं नाव आवडत असेल तर इथे आयडी तरी तोच घ्या.

उंबरठा
माहेरी भाऊ मारतो ना हाक, तेवढं पुरतं.

निवांत_पाटी
जपानमध्ये अजून कायदा आहे की नवराबायकोचं आडनाव एकच पाहिजे. कुणाचं ते तुम्ही ठरवा म्हणतात, आणि शंभरात पंच्याण्णव वेळा बाईच बदलते. २०१५ ला आणि परत २०२१ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने कायदा बरोबर आहे म्हणून सांगितलं. माझी बॉस ऑफिसात जुनं आडनाव लावायची, पासपोर्टवर नवं, परिषदेला गेली की हॉटेल बुकिंग एका नावाने आणि बिल्ला दुसऱ्या. आणि गंमत बघा सामान्य लोकांना आडनाव घ्यायची सक्ती तिथे १८७५ सालची. म्हणजे परंपरा परंपरा म्हणतात ती दीडशे वर्षांची. तुर्कस्तानचा आडनावाचा कायदा तर १९३४ चा, केमाल पाशाचं अतातुर्क हे आडनाव पण तेव्हाच दिलेलं. उलट चीन कोरियात बायका नाव बदलतच नाहीत. कॅनडातल्या क्विबेकमध्ये १९८१ पासून लग्नानंतरही जन्माचंच नाव ठेवायचं असा कायदा.

काठावरचा
कोरियात आपल्यासारखा सगोत्राचा घोळ होता. नुसतं किम आणि किम चालेल, पण दोघांचं मूळगाव पण एकच असलं तर लग्न नाही. देशात पाचातला एक किम, आता काय करतील. १९९७ ला कोर्टाने हा नियम घटनाबाह्य ठरवला, कायद्यातून गेला २००५ ला.

निवांत_पाटी
आमच्या चुलतबहिणीचं लग्न याच कारणावरून मोडलं होतं. कोरियन नाही ती :)

बर्फाळ
शेवंती, जर्मनीतलंच. आम्हाला मुलगी झाली तेव्हा तिथल्या नोंदणी कार्यालयातल्या बाई म्हणाल्या हे नाव मुलीचं आहे याचा पुरावा आणा. 'आ' नाही ना शेवटी! मग कुणीतरी सांगितलं की हे प्रकरण तिथल्या घटना न्यायालयात जाऊन आलंय आणि नाव कुठलं माहितीय? किरण. मुलीचं एकुलतं एक नाव किरण ठेवू देत नव्हते, मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून. २००८ मध्ये कोर्ट म्हणालं ठेवू द्या. आपल्या किरणने जर्मनीचा नियम बदलला! आमचं त्यानंतर तासाभरात झालं.

शेवंती_
किरण! हे भारी आहे. आणि दत्तात्रय बाईला बिनापुराव्याचं दिलं बघा.

खिडकी
मुलाला आजोबांचं नाव ठेवलं हे मी ऑफिसात कौतुकाने सांगितलं, आजोबा मजेत आहेत फिरायला जातात म्हटलं, आणि एका सहकाऱ्याचा चेहरा पडला. तो अश्केनाझी ज्यू. त्यांच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, अशुभ. त्याच्या बायकोकडचे सेफार्डी, म्हणजे ज्यूंमधलाच दुसरा गट, त्यांच्यात आजोबांच्या हयातीतच नाव देणं हा मान. मुलगा झाल्यावर दोन्ही आजोबांसमोर काय झालं असेल विचार करा. शेवटी त्यांनी पणजोबा गाठले.

गोगलगाय
आमच्या घरी नातवाला आजोबांचं नाव दिलं, मग सून सासऱ्याचं नाव कसं घेणार, म्हणून बाळ म्हणायला लागले सगळे. बाळकाका आता ६२ चे आहेत. बँकेतून फोन आला आणि खरं नाव विचारलं की घरात शोधाशोध.

हिरवा_शर्ट
मुलाचा पासपोर्ट काढायचाय. मधलं नाव घालू की नको?

केळफूल
घाल

तिरपा_कोन
नको घालू. विमानाच्या तिकिटावर सगळी नावं चिकटवून छापतात आणि शेवटी एमआर. मला एकदा सीट दाखवताना त्या मुलीने एका श्वासात सगळं वाचायचा प्रयत्न केला, वास झाला माझा.

माऊची_मम्मी
आईचं पण घाल मग. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव मग आईचं मग वडिलांचं मग आडनाव असंच आहे आता. स्पॅनिश लोक कधीपासून दोन्हीकडची आडनावं लावतात, आधी वडिलांचं मग आईचं. पोर्तुगीज उलट, आईचं आधी.

हिरवा_शर्ट
तो २०१९ चा आहे.

पाऊसवेडी
शेवंती, त्या जर्मन लोकांना नंतर कधी कळलं का गं खरं नाव?

शेवंती_
निरोपाच्या दिवशी सांगितलं. सगळे एक मिनिट गप्प, मग म्हणाले पण तू दत्ताच दिसतेस. नाताळाचं कार्ड येतं अजून, पत्ता आईकडचा दिला होता. आई ते पाकीट फोडत नाही, म्हणते त्यांच्या नावाचं आहे. मीच गेले की फोडते.

गोगलगाय
...

हिरवा_शर्ट
मग घालू की नको शेवटी?? अपॉइंटमेंट उद्या सकाळची आहे.