बिअर-कोल्ड्रिंकचे कॅन चेपायचं मशीन घरी बनवलंय का कुणी?

तारकर्ली_चार_खोल्या:
नमस्कार मंडळी. तारकर्लीला आमचं छोटं होमस्टे आहे, नाताळ ते मे पाहुण्यांचे कॅन इतके साठतात की मागच्या पडवीत नुसत्या गोणी. पायाने चेपून बघितले पण चप्पल सटकते, एकदा तर कॅन टाचेला असा चावून बसला की अंगणभर टकटक करत फिरलो, आई हसून हसून पायरीवर बसली. भंगारवाला मालवणातून टेम्पो घेऊन येतो, तो म्हणतो तुझ्या गोणीत हवाच जास्त, डिझेल निघत नाही, म्हणून महिना महिना फिरकत नाही. माझ्याकडे जुन्या गाडीची वायपर मोटर पडून आहे, १२ व्होल्टची, त्यावर काही जमेल का की सरळ बॉटल जॅक लावू? कुडाळला वेल्डिंगवाला ओळखीचा आहे. बजेट दोन-तीन हजार, जास्त नाही.

उद्यमनगर_लेथवाला:
वायपर मोटर विसर भावा, ती काच पुसायला बरी. जॅकने चेपेल पण एका कॅनला किती वेळ दांडा हलवत बसणार, हंगाम संपेल. आधी एक गंमत कर, रिकामा कॅन घे पण कुठंच पोचा नको, उभा ठेव नि वर हळूच एका पायावर उभा राहा. साधा माणूस आरामात उभा राहतो, पत्रा जेमतेम ०.१ मिलीमीटरचा असून. मग कुणाला तरी काठीने बाजूला टिचकी मारायला सांग, खपकन खाली येशील. सगळं मर्म ह्यातच आहे, उभ्या दाबाला कॅन लई चिवट, पण बाजूला जरा पोचा आला की संपला.

तर हाताचीच तरफ कर. ३ फुटी फळी भिंतीला उभी ठोक, तिच्यावर ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धी पन्हाळ बसव, कॅन ६६ मिमीचा असतो त्यात बरोबर बसतो. वरून लोखंडी चकती, सोऱ्याच्या दट्ट्यासारखी सरळ खाली आली पाहिजे, तिरकी झाली की कॅन बाहेर उडी मारतो. दांडा ७५ सेंमीचा ठेव, चकतीची पट्टी खिळीपासून (म्हणजे दांडा जिच्यावर फिरतो त्या पिनेपासून) १० सेंमीवर जोड, म्हणजे तू १५ किलोने ओढलास तर खाली शंभरच्या वर जातात. मोडक्या हापशाचा दांडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पिनेला बुश (पिनेभोवती बसणारी धातूची नळी) घाल, नुसत्या बोल्टवर ठेवशील तर महिन्यात भोक अंड्यासारखं होईल, मग माझ्या नावानं बोंब मारू नकोस.

नापास_मेकॅनिकल:
काका बरोबर बोलले, आम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला हेच प्रोजेक्ट केलं होतं (अर्ध्या कॉलेजने हेच केलं होतं म्हणा). अर्ध्या एचपीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, वेग चाळीस पट कमी करणारा १:४० चा वर्म गिअरबॉक्स, पुढे क्रँक (मोटरच्या फिरण्याने दट्ट्या मागेपुढे हलवणारा भाग). परीक्षकांसमोर पहिलाच कॅन लावला नि पट्टा घसरून धूर. नंतर कळलं, क्रँक टोकाला असते तेव्हा जोर मिळतो, मधोमध आली की सगळ्यात कमी, नि आमच्याकडे दट्ट्या नि कॅनमध्ये अंतर जास्त ठेवल्यामुळे दट्ट्या कॅनला टेकायचा तेव्हाच क्रँक नेमकी मधोमध. आणि कॅनला तर सगळ्यात जास्त दाब सुरुवातीलाच लागतो, एकदा बसला की पुढे सोपं. शेवटी मोटर तीच ठेवली, फक्त पन्हाळीत दोन बाजूंना दोन बोल्ट असे बसवले की कॅन आत ढकलतानाच त्याला पोचे पडतात. चालला! मार्क तोवर गेलेले. तू पण ते दोन बोल्ट लाव, गोल डोक्याचे, नाहीतर पत्रा फाटतो नि ती धार ब्लेडसारखी असते.

राईनकाठचा_सांगलीकर:
इथे जर्मनीत सगळं उलटं आहे राव, प्रत्येक कॅनला २५ सेंट डिपॉझिट, दुकानातलं मशीन कॅन फिरवून छाप वाचतं नि मग पैसे देतं, चेपलेला घातला की थुंकल्यासारखा परत बाहेर. आम्ही रिकामे कॅन अंड्यांसारखे जपून नेतो. तुमचा प्रश्न वाचून घरी चेपायची हौस फार दाटून आली.

भंगार_गल्ली:
आमचं वडिलांपासून भंगाराचं दुकान आहे म्हणून सांगतो. चेपा पण पापड करू नका. लोक आत वाळू भरून चेपतात, म्हणून चेपलेल्या गोणीतले चार-पाच आम्ही छन्नीने उघडून बघतोच, जरा जाड ठेवलेत तर उघडायला सोपं नि भावावरून वाद नाही. चेपायच्या आधी उलटे करून एक रात्र निथळू द्या, उरलेल्या बिअरचं वजन आम्ही कापतो नि गांधीलमाश्या येतात त्या वेगळ्याच. ३३० मिलीचे साधारण सत्तर कॅन म्हणजे एक किलो, हा हिशेब ठेवा म्हणजे काट्यावर कुणी फसवणार नाही. भांड्यांच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये मिसळू नका, कॅनचं अंग नि झाकण दोन्हीची मिश्रणं वेगळी असतात, भाव वेगळा लागतो. चुंबक फिरवा, चिकटला तो लोखंडी डबा, बाजूला काढा. आणि डिओचे, फवाऱ्याचे डबे अ‍ॅल्युमिनियमचे दिसले तरी मशीनला लावायचे नाहीत, आत गॅस राहतो, फुटतो.

तारकर्ली_चार_खोल्या:
मंडळी झालं एकदाचं! दोन रविवार गेले. हापशाचा दांडा मिळाला नाही, गॅलव्हनाइजचा पाइप वापरला, बुश कुडाळलाच करून घेतले. ते दोन बोल्ट म्हणजे जादू आहे, आधी लटकावं लागत होतं, आता आई एका हाताने ओढते नि दुसऱ्या हातात चहा. (लहान पोरं आली की दांड्याला साखळी-कुलूप घालतो, पाहुण्यांच्या एका मुलाने बोट घालून बघितलंच होतं, नशिबाने दांडा वर होता.) सहा गोणींच्या दोन झाल्या, टेम्पो न बोलावता आला.

काका आता एकच घोळ. चेपलेला कॅन खाली पडायला ३५ मिमीची फट ठेवली, ३३० वाले सटासट पडतात, पण ५०० मिलीचा लांबडा चेपून ४ सेंटीमीटर उरतो नि फटीतच अडकतो, मग स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा. फट वाढवली तर छोटे अर्धवट चेपलेलेच निसटतील ना? की खाली बिजागरीची झडप लावू?