मदत हवी आहे: वरातीची घोडी सकाळी आखडते, पावसाळाभर काय करावं?

गोरेगावची_वैदेही
नमस्कार मंडळी. माझ्या मामांकडे वरातीची पांढरी घोडी आहे, लक्ष्मी. दातांवरून वय १५-१६ धरतात. सकाळी खुंट्यावरून सोडली की पहिली काही पावलं आखडून टाकते, थोडं फिरवलं की मोकळी होते. पुढच्या उजव्या पायाचा घोटा, म्हणजे खुराच्या वरचा सांधा, किंचित फुगलेला दिसतो. हाताला गरम लागत नाही. उजवीकडे चटकन वळवली तर लंगडते. खाणंपिणं, लीद सगळं व्यवस्थित.

आषाढी एकादशीपासून लग्नं बंद, ती थेट तुळशीच्या लग्नानंतर. मामा म्हणतात तोवर बांधून पूर्ण आराम द्यायचा. मला ते पटत नाही, पण मला त्यातलं फारसं कळतही नाही. शेजारचे म्हशीवाले 'आमच्याकडचं दुखण्याचं इंजेक्शन टोचू' म्हणतायत. सांध्यांची पावडर ऑनलाइन मिळते, डबा चांगलाच महाग आहे. घ्यावी का? मामांचं घर तिच्यावर चालतं, त्यामुळे नुसतं 'निवृत्त करा' असं उत्तर नको, प्लीज.

रिकीब
वैदेहीताई, वर्णनावरून सांध्याची झीज वाटते. हाडांच्या टोकांवरची कूर्चा विरत जाते. तिला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गेलेली कूर्चा परत येत नाही. उरलेली जपायची, एवढंच हातात असतं. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि मुंबईत तिच्या पायाखाली डांबर नाहीतर काँक्रीट. म्हणजे घोट्यानेच आधी कुरकुर करणं आलंच.

मामांना सांगा, बांधून ठेवणं हा आराम नाही. हालचालीने सांध्यातलं वंगण फिरतं, कूर्चेला पोषण त्यातूनच मिळतं. सकाळ-संध्याकाळ हातात दोर धरून सरळ रेषेत चालवा, शक्यतो मातीवर. दुडकी नको, लहान गोल फेऱ्या तर मुळीच नकोत. ठाणावर पेंढा जाड आणि कोरडा हवा.

दुसरं म्हणजे चंदी, घोडीला घालतात ते धान्य. काम बंद आणि हरभरा चालू, हे चातुर्मासात सगळ्याच तबेल्यांत होतं. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. धान्य कमी करा, चारा कमी करू नका. गुळाचे लाड बंद.

म्हातारा_नालबंद
बाळा, नाल कधी बदलली होती ते लिहिलं नाहीस. काम नसलं की लोक नालबंदाला बोलवत नाहीत, पण खूर काय चातुर्मास पाळत नाही. पुढचं टोक लांबलं की पाऊल उचलताना घोट्यावर आणि शिरांवर, म्हणजे कंडरांवर, जास्त ताण येतो. चार ते सहा आठवड्यांनी खूर तासलाच पाहिजे. टोक आखूड, टाचेला आधार आणि नाल पुढून थोडी गोलसर, म्हणजे पाऊल सहज उलटतं. पावसात खुराच्या तळाची कुजही बघत जा, लंगडण्याचं कारण कधी कधी तेवढंच निघतं.

दवाखान्यातला_माणूस
म्हशीवाल्यांच्या इंजेक्शनला साफ नकार द्या. ते डायक्लोफेनॅक असेल तर जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, ते टोचलेल्या जनावरांची मढी खाऊनच गिधाडं मेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही बंदी आली. बाकीची दुखणं मारणारी औषधं डॉक्टरांनी घोडीचं वजन बघूनच द्यायची असतात. दोन एकत्र दिली किंवा जास्त दिवस चालली तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावरही येतं. शिवाय दुखणं दबलं की घोडी पाय जपत नाही आणि सांधा आणखी झिजतो.

आधी एक्स-रे काढा. परळच्या बैलघोड्यात, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात, दाखवता येईल, तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचं. सांध्यात इंजेक्शन देण्याचा उपायही असतो. त्याने सूज आणि दुखणं काही महिने आटोक्यात राहू शकतं, झीज भरून येत नाही. घोडी लठ्ठ असेल तर स्टेरॉइडचं आधी नीट विचारून घ्या, खुराच्या आत सूज येण्याचा धोका असतो.

पावडरीबद्दल: अशा पावडरींमधल्या ग्लुकोसामीनचा घोड्यांना फायदा होतो याचा पुरावा कच्चा आहे. तोच पैसा एक्स-रे आणि नालेवर घाला.

आणि एक. सांधा अचानक गरम होऊन टरारून फुगला, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. विशेषतः जवळपास जखम असेल तर. सांध्यात जंतू शिरले तर घोडी हातची जाते.

गोरेगावची_वैदेही
मनापासून आभार सगळ्यांचे. नालबंदकाका, मामांना विचारलं, नाल लग्नसराई संपल्यापासून तीच आहे. उद्याच माणूस बोलावतायत. फिरवणंही कबूल केलंय, धुसफुसत का होईना. पण वरातीचं काय?

रिकीब
ते एक्स-रे बघून डॉक्टरच ठरवतील. ढोबळ आडाखा असा की खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी असावं. ३५० किलोची घोडी धरली तर ७० किलो. झिजलेल्या सांध्याला त्याहून कमी. आपले नवरदेव शेरवानी-फेट्यासकट केवढे भरतात ते तुम्हीच बघा, वर पुढ्यात भाचा बसवायची हौस! डॉक्टरांनी हो म्हटलं तरी जवळच्या, छोट्या वराती घ्या, लागोपाठ दोन दिवस नकोत, आणि डीजेपुढे नाचवणं कायमचं बंद. मागच्या पायांवर उभी राहून खाली येते तेव्हा सगळा दणका त्याच घोट्यांवर बसतो. बुकिंग घेतानाच 'घोडी नाचणार नाही' हे पार्टीला सांगून टाका.