मदत हवी आहे: इराणला निर्बंधांनी वाकवलं की वाटाघाटींनी?

मंडळी, एम.ए.च्या सेमिनारसाठी इराणच्या अणुकराराचा विषय घेतलाय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

सुरक्षा परिषदेने डिसेंबर २००६ मध्ये इराणवर पहिले निर्बंध लादले. तरी सेंट्रिफ्यूज (युरेनियम संवर्धनाची यंत्रं) वाढतच गेले, २०१३ पर्यंत सुमारे १९,००० बसवून झाले होते. म्हणजे निर्बंध फसले? पण २०१२ मध्ये युरोपने तेल घेणं थांबवलं, इराणी बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून बाहेर काढल्या आणि रियाल (इराणचं चलन) गडगडला. पुढच्याच वर्षी वाटाघाटींना अनुकूल असलेले रूहानी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. मात्र अमेरिका आणि इराणच्या ओमानमधल्या गुप्त भेटीगाठी त्याआधीच सुरू झाल्या होत्या! शिवाय अमेरिकेने 'शून्य संवर्धन' (इराणने युरेनियम संवर्धन अजिबात करायचं नाही) हा हट्ट सोडला नसता, तर २०१५ चा करार झालाच नसता असं मला वाटतं. त्या करारात ३.६७ टक्के संवर्धन आणि ३०० किलो साठा अशी मर्यादा होती, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तपासणीही. २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले, अमेरिकेचे निर्बंध परत आले (भारतालाही २०१९ मध्ये इराणी तेल बंद करावं लागलं) आणि २०२१ मध्ये संवर्धन थेट ६० टक्क्यांवर!

गाइड म्हणतात, एक बाजू घे. मला ते पटत नाही. दबाव आणि सवलत यांचा वाटा वेगळा कसा काढायचा? तुलनेला अणुकार्यक्रम सोडणारा लिबिया घ्यावा की अण्वस्त्रं बनवणारा उत्तर कोरिया? यावर मराठीत काही वाचनीय असेल तर तेही सुचवा. रिपोर्टाज नको, विश्लेषण हवंय.